घुणाक्षर आणि सिंहलद्वीप

सातारा,
दि. १२ जानेवारी

प्रिय मित्र सदाशिव यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला त्याचे कारण आळस नाही. तू विचारलेल्या एका शब्दाने मला नको तिकडे फिरवले, हे आहे. तू भाषांतर करीत असलेल्या त्या शास्त्रज्ञाच्या आठवणींत ‘सेरेन्डिपिटी’ हा शब्द सात ठिकाणी येतो, तू सातही ठिकाणी ‘योगायोग’ लिहिले आहेस आणि सातही ठिकाणी तुझे समाधान झालेले नाही, असे तू लिहितोस. तुझे असमाधान योग्य आहे. योगायोग म्हणजे आपण दोघे एकाच गाडीने पुण्याला निघालो आणि समोरासमोरच्या आसनांवर बसलो, एवढेच. त्यात तुझ्या किंवा माझ्या हुशारीचा संबंध नाही. तुझ्या शास्त्रज्ञाला त्याहून काहीतरी अधिक म्हणायचे आहे, आणि ते अधिक नेमके काय, हे पाहण्याच्या नादात मी इतके दिवस घालवले.

सुरुवात मात्र तुझ्या पत्रापासून झाली नाही. नातीला शाळेतून जुन्या घरगुती वस्तूंची यादी करायला सांगितली होती आणि तिने मला फोनवर ‘घुसळखांब’ म्हणजे नेमके काय, असे विचारले. मला तो आजोळच्या माजघरात पाहिलेला आठवत होता, परंतु रवीची दोरी त्याला कशी अडकवीत हे खात्रीने सांगता येईना, म्हणून मी मोठा शब्दकोश काढला. पाने उलटताना ‘घुसळखांबा’च्या अलीकडे, ‘घुण’ या शब्दाच्या आसपास, माझी नजर ‘घुणाक्षरन्याय’ या शब्दावर पडली. लाकूड किंवा पोथीचे पान पोखरणारा किडा आपल्या वाटेने पोखरीत जातो आणि त्याच्या त्या वेड्यावाकड्या रेघेतून एखादे अक्षर उमटते. किड्याने ते काही लिहिलेले नसते. अशा नकळत घडलेल्या गोष्टीला घुणाक्षरन्याय म्हणायचे. वाचता वाचता तुझे पत्र आठवले आणि घुसळखांब राहिला बाजूला.

मग आपल्याकडचे असे आणखी न्याय, म्हणजे दाखल्यादाखल सांगितलेले दृष्टांत, काढून पाहिले, आणि एक गमतीची गोष्ट लक्षात आली. काकतालीय न्याय तुला ठाऊक आहेच. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ ही आपली म्हण त्याचीच घरगुती आवृत्ती. परंतु जुन्या वैयाकरणांच्या विवेचनात कावळा ताडाखाली येतो, त्याच क्षणी ताडफळ पडते आणि कावळा मरतो. अजाकृपाणीय न्यायात शेळी अंग खाजवायला जाते आणि वर टांगलेली तलवार तिच्या मानेवर पडते. भर्तृहरीच्या श्लोकातला टकलू उन्हाला कंटाळून झाडाच्या सावलीत जातो, तर वरून फळ पडून त्याचे डोके फुटते. आपल्या पूर्वजांना आकस्मिक घटनेचे निरीक्षण उत्तम होते, मात्र तिच्याकडून कोणाचे भले होईल अशी त्यांची फारशी अपेक्षा दिसत नाही. या सगळ्यांत घुण तेवढा निरुपद्रवी, आणि म्हणूनच तो मला तुझ्या शब्दाच्या सर्वांत जवळचा वाटला.

योग पाहा, त्याच आठवड्यात माळ्यावरून जेवणाचे जुने पाट खाली काढले. त्यातला एक आंब्याच्या लाकडाचा होता. उचलताच जमिनीवर पिठासारखा बारीक भुसा पडला. पाट उलटा केला तर खालच्या अंगाला किडीने पोखरलेल्या वाटा होत्या, सुतळीएवढ्या रुंद, कुठे सरळ, कुठे वळलेल्या. पंधरा-वीस मिनिटे मी तो पाट उजेडात फिरवून पाहत बसलो. एका कोपऱ्यात अगदी ठसठशीत ‘ळ’ होता, दोन्ही गाठी शाबूत असलेला. मी तो सौ.ला दाखवला, तर ती म्हणाली, “मला तर जिलबी दिसते आहे.” तिचे उत्तर ऐकून मी हसलो खरा, परंतु नंतर मनात आले की न्यायाचा सांगायचा राहिलेला अर्धा भाग तिने सांगितला. किड्याच्या वाटेचा ‘ळ’ व्हायला समोर ‘ळ’ ओळखणारा माणूस लागतो. आपल्या न्यायाने किड्याची नोंद घेतली, वाचणाऱ्याची घेतली नाही. आणि तुझा तो इंग्रजी शब्द ज्याने घडवला त्याने, माझ्या समजुतीप्रमाणे, नेमकी या वाचणाऱ्याची नोंद घेतली.

तो माणूस म्हणजे होरेस वॉलपोल. इंग्लंडच्या पहिल्या पंतप्रधानाचा, रॉबर्ट वॉलपोलचा, हा धाकटा मुलगा. लंडनजवळ ट्विकनहॅमला स्ट्रॉबेरी हिल नावाचे नवलाईचे घर बांधून राहणारा, वस्तू जमवणारा आणि आयुष्यभर पत्रे लिहिणारा. तरुणपणी इटलीच्या प्रवासात फ्लॉरेन्सला त्याची होरेस मॅन या ब्रिटिश राजदूताशी मैत्री झाली. १७४१ मध्ये वॉलपोलने फ्लॉरेन्स सोडले आणि त्यानंतर मॅन १७८६ मध्ये वारला तोपर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे, ते दोघे एकदाही भेटले नाहीत. परंतु पत्रे अखंड चालू होती. (आपली भेट होऊन सहाच वर्षे झाली, तेव्हा आपली तक्रार करण्याची पात्रता नाही.) या मॅनने त्याला बिआंका कापेल्लो हिचे चित्र पाठवले. बिआंका ही व्हेनिसची; पुढे ती तोस्कानाच्या मेदिची घराण्यातल्या ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्कोची दुसरी पत्नी झाली. चित्राला चौकट करायची, त्या चौकटीवर दोन्ही घराण्यांची चिन्हे घालायची, असा वॉलपोलचा बेत होता. त्या संदर्भात व्हेनिसच्या घराण्यांच्या चिन्हांचे एक जुने पुस्तक चाळत असताना त्याला कापेल्लोंच्या एका चिन्हात मेदिचींचे चिन्ह मिसळलेले आढळले, म्हणजे या सोयरिकीची खूण त्या घराण्याने आपल्या चिन्हातच धारण केली होती. २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात त्याने मॅनला ही हकिगत कळवली आणि या प्रकारच्या शोधाला मी ‘सेरेन्डिपिटी’ म्हणतो, असे लिहून टाकले.

पुढे तो मित्राला शब्द समजावतो. ‘सेरेन्डिपचे तीन राजपुत्र’ नावाची एक बाष्कळ परीकथा मी वाचली होती, असे तो म्हणतो. त्यातले राजपुत्र प्रवासात सदैव असे शोध लावीत की जे ते शोधत नसत, आणि ते शोध अपघाताने व तैलबुद्धीने लागत. तैलबुद्धी हा शब्द इथे माझा आहे; त्याच्या इंग्रजी शब्दात चाणाक्षपणा, मर्म ओळखण्याची शक्ती असा अर्थ येतो. आणि लगेच तो बजावतो की आपण जे शोधतो आहोत तेच सापडले, तर ते या शब्दात बसत नाही. म्हणजे व्याख्येला तीन पाय आहेत: शोध दुसऱ्याच कशाचा, गाठ अवचित, आणि ती गाठ आहे हे ओळखणारी बुद्धी. तुझ्या ‘योगायोगा’ला यातला मधला एकच पाय आहे.

आता ती बाष्कळ परीकथा. तू ती ऐकलेली आहेस. आपल्या तिसरीच्या वर्गात गुरुजी हरवलेल्या उंटाची गोष्ट सांगत, ती हीच. उंटवाला आपला उंट शोधीत येतो. राजपुत्रांनी उंट पाहिलेलाच नसतो, तरी ते विचारतात, तो एका डोळ्याने आंधळा होता का, त्याचा एक दात पडला होता का, तो लंगडा होता का, त्याच्या एका बाजूला लोणी आणि दुसऱ्या बाजूला मध होता का. उंटवाल्याला वाटते की चोर हेच, आणि तो त्यांना राजापुढे उभे करतो. मग उलगडा होतो: रस्त्याच्या एका बाजूचे गवत चांगले असूनही ते सोडून दुसऱ्या बाजूचे निकस गवत खाल्ले होते, चावलेल्या गवताचे दाताच्या मापाचे गोळे वाटेत पडले होते, तीन पावलांचे ठसे उमटले होते आणि चौथा पाय फरपटला होता, एका बाजूला मुंग्यांची रांग होती, दुसऱ्या बाजूला माश्या. गुरुजी मुंग्या-माश्यांपर्यंत आले की वर्गात चिडीचूप होई, हे मला अजून आठवते. मूळ गोष्टीत उंटावर बसलेल्या गर्भवती स्त्रीचाही माग ते काढतात. तो भाग गुरुजींनी अर्थातच वगळला होता.

वॉलपोलला ही गोष्ट नीट आठवत नव्हती. त्याने पत्रात उंटाच्या जागी खेचर लिहिले आहे! त्याहून मोठी गफलत अशी की या गोष्टीत अपघात जवळजवळ नाहीच. राजपुत्र वाटेने जाताना डोळे उघडे ठेवतात आणि दिसलेल्या खुणांवरून अनुमान काढतात; ही न्यायशास्त्रातली धुरावरून अग्नी ओळखण्याची सरळ रीत झाली. पुढे गुप्तहेरकथांनी हीच रीत उचलली. शिवाय वॉलपोलने स्वतःचे जे उदाहरण दिले त्यात तो कापेल्लोंचे चिन्ह पाहायलाच पुस्तक उघडून बसला होता, आणि त्याच पत्रात तो फुशारकीही मारतो की मी हात घालीन तिथे मला हवे तेच सापडते. म्हणजे त्याची स्वतःची हकिगतही त्याच्याच व्याख्येत अडखळते. मला विचारशील तर हा शब्द एका चुकीच्या आठवणीतून आणि थोड्या बेफिकीर लिखाणातून जन्मला, आणि तरीही तो नेमका निघाला. वॉलपोलच्या लेखणीतून उमटलेले हे एक घुणाक्षरच म्हणायचे.

त्या पत्रातले दुसरे उदाहरण मात्र मला फार आवडले. लॉर्ड शाफ्ट्सबरी एकदा लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेन्डनकडे जेवायला गेला होता. जेवताना क्लॅरेन्डनची पत्नी आपल्याच मुलीशी इतक्या आदराने वागत होती, की त्यावरून त्याने ओळखले की या मुलीचे ड्यूक ऑफ यॉर्कशी, म्हणजे राजाच्या भावाशी, गुपचूप लग्न झालेले आहे. आई लेकीला अदबीने वाढते आहे, एवढीच खूण. आपल्याकडच्या पंगतीत बसणाऱ्या कोणत्याही अनुभवी आत्याबाईने हे पहिल्या वाढणीतच ओळखले असते.

गोष्ट कुठून आली हे शोधताना मी आणखी लांब गेलो. वॉलपोलच्या लहानपणी इंग्रजीत आलेली आवृत्ती १७२२ ची, ती फ्रेंचवरून केलेली. फ्रेंचच्या मागे १५५७ मध्ये व्हेनिसला छापलेले इटालियन पुस्तक आहे, क्रिस्तोफोरो आर्मेनो या नावाने फारसीतून भाषांतरित म्हणून प्रसिद्ध झालेले. आणि फारसीत ही कथा अमीर खुसरोच्या ‘हश्त बिहिश्त’ या काव्यात आहे, जे १३०२ च्या सुमाराचे, म्हणजे दिल्लीचे, अल्लाउद्दीन खिलजीच्या काळातले आणि त्यालाच अर्पण केलेले. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की जरा विचित्र वाटते: १२९६ मध्ये ज्या अल्लाउद्दीनने रामदेवरावाची देवगिरी लुटली, त्याच्याच छत्राखाली सहा वर्षांनी हा उंट फारसीत चालू लागला. त्याच्याही मागे जावे, तर जैनांच्या नंदीसूत्रावरील टीकेत उंटाच्या जागी हत्तीण आहे. गुरूचे दोन शिष्य वाटेत पावले पाहतात आणि त्यांतला एक सांगतो की ही हत्तीण आहे, एका डोळ्याने आंधळी आहे आणि तिच्यावर गर्भवती राणी बसलेली आहे. टीकाकार हे ‘वैनयिकी’ बुद्धीचे, म्हणजे गुरुसेवेतून आणि शिक्षणातून आलेल्या बुद्धीचे, उदाहरण म्हणून देतो. तिथे अपघाताचा उल्लेखही नाही. कथा पश्चिमेकडे सरकत गेली तसा तिला अपघात वाटेत चिकटला.

आणि सेरेन्डिप? ते अरब-फारसी ‘सरंदीब’, आणि सरंदीब म्हणजे आपले सिंहलद्वीप. चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मिआनुस मार्केल्लिनुस सम्राट जूलियनकडे आलेल्या राजदूतांबद्दल लिहिताना ‘सेरेंदिवि’ असे नाव देतो, इतके ते रूप जुने आहे. सिंदबाद सहाव्या सफरीत पोहोचतो तेही याच बेटावर. ‘सिलोन’सुद्धा त्याच सिंहलाचे पोर. म्हणजे तू ज्या इंग्रजी शब्दासाठी मराठी शोधतो आहेस, त्याच्या पोटात ‘सिंह’ आणि ‘द्वीप’ हे दोन्ही शब्द आधीच बसलेले आहेत. हे समजले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

शब्दाचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. मॅनला लिहिलेली पत्रे १८३३ मध्ये छापली गेली, तरी शब्द तसाच पडून राहिला. १८७५ मध्ये एडवर्ड सॉली नावाच्या गृहस्थाने तो छापील चर्चेत प्रथम वापरला. शास्त्रज्ञांच्या बोलण्यात तो रुळवला तो मुख्यतः हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याला तर तो शब्दकोशात दुसराच शब्द पाहताना भेटला, आणि त्याने एलिनॉर बार्बर हिच्याबरोबर या एका शब्दावर सबंध पुस्तक लिहिले. ते १९५८ मध्ये लिहून झाले आणि छापून आले २००२ मध्ये, तेही आधी इटालियनमध्ये. मर्टनची ही हकिगत वाचून मला माझ्या घुसळखांबाबद्दल जरा धीर आला.

तुझ्या शास्त्रज्ञाने पेनिसिलिनचे उदाहरण दिले असेल, सगळेच देतात. मी तुला घराजवळचे देतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आपण १९८१ च्या सहलीत गेलो होतो, तेव्हा तिथे एका इंग्रजाने कोरलेले नाव तू मला दाखवले होतेस. जॉन स्मिथ, अठ्ठावीसावे घोडदळ, २८ एप्रिल १८१९. वाघाच्या शिकारीला आलेल्या या अधिकाऱ्याने लेणी ‘शोधली’, असे म्हणतात. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच. ते नाव आपल्या डोक्याच्याही वर होते, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता आणि त्यावर उभे राहून त्याने चित्रावरच आपले नाव ओरखडले. शिकारीला जाऊन लेणे सापडणे हा अपघात खरा. पण पुढचा, ओळखण्याचा भाग त्याच्याकडून झाला नाही. त्याने केले ते घुणाने केले तेवढेच.

आता त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. वासिठिपुत कटहादि याने हे ‘घरमुख’, म्हणजे दर्शनी भाग, दान दिल्याचे तो सांगतो, आणि लेखाचा शेवटचा शब्द ‘दानं’ आहे. १८१९ मध्ये हा लेख वाचू शकणारा माणूस जगात कुठेही नव्हता. पुढे १८३७ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीतला जेम्स प्रिन्सेप हा सांचीच्या स्तूपावरल्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे छपाईसाठी लावीत बसला होता. ते ठसे पाठवणाराही स्मिथच, पण दुसरा, कॅप्टन एडवर्ड स्मिथ. प्रिन्सेप त्या वेळी लिपी उलगडायला बसला नव्हता. चिठोऱ्या जुळवून दगडी छाप्यासाठी मांडायच्या, एवढेच काम होते. ते करताना त्याच्या ध्यानात आले की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. देवळांच्या कठड्यांवर आणि खांबांवर लोक दान दिल्याचे लिहितात हे त्याला माहीत होते. त्या दोन अक्षरांचा ‘दानं’ झाला, त्यातून ‘द’ आणि ‘न’ मिळाले, आणि बाकीची अक्षरे भराभर उलगडत गेली. सांचीच्या ठशांतून निघालेल्या त्याच वाचनाने अजिंठ्याचा कटहादिही बोलता झाला. सदाशिवा, वॉलपोलच्या व्याख्येचे तिन्ही पाय इथे जमिनीला टेकलेले आहेत, आणि मला विचारशील तर तुझ्या पुस्तकातल्या कोणत्याही बुरशीपेक्षा हे उदाहरण सरस आहे.

आता भाषांतराचे. ‘घबाड’ वापरू नकोस असे मी आधीच सांगतो. त्यात पैशाचा वास येतो, शिवाय पंचांगातला घबाड मुहूर्त हा चक्क गणित करून काढतात, त्याला अवचित कसे म्हणणार. ‘आकस्मिक लाभ’ हे राशिभविष्यात शोभेल. नवा संस्कृत शब्द पाडण्याचा मोह मला झाला होता. ‘सिंहलयोग’ असा एक मी कागदावर लिहिलाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून माझा मलाच तो एखाद्या चूर्णाच्या बाटलीवरचा वाटला. माझे मत असे झाले आहे की इंग्रजीने जिथे नाम केले आहे तिथे मराठीचे बळ क्रियापदात आहे. आपण शोधतो ते सापडते. न शोधता समोर येते ते आढळते. आणि आढळलेले काय आहे हे उमगले की ते गवसते. हा भेद मी कोशातून काढलेला नाही, माझ्या कानाला तसा ऐकू येतो. तुझ्या कानाला कसा येतो ते कळव. तुझ्या सातांपैकी पाच वाक्ये तरी ‘शोधत होतो एक आणि गवसले दुसरेच’ या वळणाने मोकळी होतील, असे मला वाटते. उरलेल्या दोन ठिकाणी, जिथे तो शब्दाविषयीच बोलतो आहे, तिथे देवनागरीत ‘सेरेन्डिपिटी’ ठेव आणि पहिल्या ठिकाणी तळटीप दे. तळटिपेत सिंहलद्वीप आलेच पाहिजे. खेचराचे काय करायचे ते तू ठरव.

पाटाला दोन दिवस ऊन दाखवून रॉकेलचा हात दिला आहे. ‘ळ’ असलेला कोपरा मी तेवढा सोडला, त्यामुळे कीड तिथून पुन्हा सुरू होणार असे सौ.चे म्हणणे आहे आणि ते बहुधा खरे ठरेल. नातीचा काल पुन्हा फोन आला होता. वही परवा द्यायची आहे आणि घुसळखांबाची दोरी कशी अडकवीत हे मी अजून पाहिलेले नाही. तुझ्या काकूंकडे वडूजला तो होता, असे मला अंधुक आठवते. तुला माहीत असेल तर पत्राची वाट न पाहता फोनच कर.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
मधुकर